पत्त्याची दुसरी ओळ

"त्यांनी लिहून ठेवलं होतं," आई म्हणाली. दोन आठवड्यांत हे वाक्य तिने इतक्या वेळा म्हटलं होतं की धाकटा आता मान वर करून पाहतही नव्हता. थोरली मात्र दर वेळी हातातलं काम थांबवायची.

गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. बाबांच्या पायाला जखम झाली म्हणून याच हॉस्पिटलात नेलं होतं. एक इंजेक्शन दिलं आणि बघता बघता ओठ सुजले, श्वास लागेना. थोरली तेव्हा नोकरीसाठी परगावी होती. जरा रिअ‍ॅक्शन आली, आता बरे आहेत, एवढंच तिला फोनवर कळलं. घरी सोडताना सिस्टरने आईला सांगितलं की इंजेक्शनचं नाव पाठ करायची गरज नाही, कधीही आलात तरी समोर दिसेल असं आम्ही लिहून ठेवलंय. आईने विश्वास ठेवला आणि नाव विसरून गेली. बाबांनी तर ते कधी विचारलंच नाही. उभी नोकरी दुकानांतले तराजू तपासण्यात गेलेला माणूस, लोकांच्या मापातली चूक हातानेच ओळखायचा, पण स्वतःच्या दुखण्याशी जणू त्याचा संबंधच नव्हता.

या खेपेला ते न्यूमोनियाने दाखल झाले. तापाची ग्लानी होती. आई कपडे आणायला घरी गेलेली, थोरली अजून ऑफिसातून वर वॉर्डात पोचायची होती. ड्यूटीवरच्या सिस्टरने स्क्रीन पाहिला. अ‍ॅलर्जीच्या रकान्यात 'नोंद नाही' असं होतं. तिने बाबांनाही विचारलं, त्यांनी मान हलवली. कशाला हलवली कोण जाणे. तिने पेनिसिलिन दिलं. पाऊण तासात सगळं संपलं.

ती सिस्टर आता निलंबित होती, आणि धाकट्याने तिच्याविरुद्धचा तक्रार अर्ज टाइप करून आणला होता. सही आईची लागणार होती, पण त्याचं म्हणणं, आधी ताईने नजर टाकावी. ती आतली आहे, त्यांच्या पळवाटा तिला ठाऊक. तो अर्ज चार दिवस जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीखाली पडून होता. थोरली आज वाचते, उद्या वाचते करत होती.

ती आतली होती, हे खरं. हॉस्पिटलच्या संगणक विभागात तिची सात वर्षं झाली होती. गेलं दीड वर्ष विभागाला एकच काम होतं: तळघरातल्या जुन्या सर्व्हरवरच्या रुग्णांच्या नोंदी एका बड्या कंपनीच्या क्लाउडवर नेणं. म्हणजे आपलं यंत्र आपल्या तळघरात न ठेवता दूर कुठेतरी त्यांच्या हजारो यंत्रांत भाड्याने जागा घ्यायची आणि सगळं तिथून वापरायचं. कँटीनमध्ये यावर बरेच विनोद झाले. पेशंट आधी ढगात जातोय की त्याची फाइल, हा सगळ्यांत लोकप्रिय. तो आता तिच्यासमोर कुणी करत नव्हतं.

त्या कामात तिच्याकडे साफसफाई होती. नऊ लाख रुग्णांची माहिती नव्या सिस्टिमला रुचेल अशी करून द्यायची. पत्त्यांनी तिचा जीव खाल्ला. पहिली ओळ बरी असायची, पण दुसरी म्हणजे उकिरडा: 'टाकीमागे', 'भाचीकडे राहतात', 'बेल वाजत नाही', 'कुत्रा चावतो'. तिने नियम लिहिला: दुसऱ्या ओळीत टपाल खात्याच्या यादीशी न जुळणारं जे काही असेल ते कोरं करायचं. दोनशे नोंदींवर चाचणी घेतली, पुढे पाठवला, आणि एका रविवारी सगळं हॉस्पिटल एकदम पलीकडे गेलं. बाबा दाखल झाले त्याच्या बरोबर बाराव्या दिवशी.

त्यांनी लिहून ठेवलं होतं. मग गेलं कुठे? अ‍ॅलर्जीचा रकाना जसाच्या तसा गेला होता, ते तिने कामावर परतल्या दिवशीच तपासलं होतं. जुन्यातही बाबांचा तो रकाना रिकामाच होता. तिथे शोध थांबायला हरकत नव्हती. पण आई खोटं बोलत नाही, आणि त्या वेळच्या सिस्टरलाही आईशी खोटं बोलायचं काही कारण नव्हतं.

जुना सर्व्हर महिनाअखेरपर्यंत चालू राहणार होता, मग त्याच्या डिस्कचा चुरा होणार होता. तळघराची किल्ली बॅकअपकडे असे. बॅकअप म्हणजे विभागातले सगळ्यांत जुने गृहस्थ. दोन चष्मे, दोन छत्र्या, दोन डबे. पहिलीने परवानगी दिली असती तर बायकोही दुसरी ठेवली असती, असं ते स्वतःच सांगत. त्यांनी काही न विचारता दार उघडून दिलं आणि खुर्ची पुसून दिली.

तिने बाबांची नोंद जुन्या पडद्यावर उघडली. वर नाव. नावाखाली पत्ता, ओळ एक: घर, गल्ली. ओळ दोन: 'पेनि. नको. सूज, श्वास.'

तिने ती ओळ कागदावर उतरवून घेतली. मग दुसऱ्या ओळीत 'नको' असलेल्या सगळ्या नोंदी मागवल्या. तीन हजार एकशे अठरा.

बॅकअप मागे उभे होते. त्यांनी आकडा वाचला, एक चष्मा काढून दुसरा लावला, पुन्हा वाचला. "बाळ, नियम कुणाचा होता?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता बाहेर जाऊन उभे राहिले.

तेवढ्यात तिला ते आठवलं. चाचणीच्या दोनशे नोंदींत तसे तीन शेरे होते. 'सल्फा नको', 'आयोडीन नको', तिसरा आठवेना. तिने छापील यादीत पेन्सिलीने त्यांच्याखाली रेघ मारली होती, वॉर्डात विचारू म्हणून. त्या दुपारी कंत्राटदार कंपनीच्या माणसाचा फोन आला, संध्याकाळपर्यंत पत्ते हवेत. वॉर्ड दोन जिने वर होता.

आता ती ते दोन जिने चढली. मोठ्या सिस्टर, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख, औषधांची ट्रॉली लावत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं, हात थांबवले नाहीत. जुन्यात अ‍ॅलर्जीचा रकाना डॉक्टरांच्या पासवर्डशिवाय उघडत नसे, त्या म्हणाल्या, आणि डॉक्टर कुठे सापडतात? तुमच्या विभागाला तीन पत्रं दिली. नव्या सिस्टिममध्ये बघू, असं उत्तर आलं. पत्त्याची दुसरी ओळ मात्र प्रत्येक पडद्यावर नावाखाली दिसायची, रुग्णाच्या मनगटाच्या पट्टीवरही छापली जायची. मग ती वापरायची पद्धत पडली. नवी मुलगी कामावर आली की पहिल्या दिवशी हेच शिकवायचं.

"आम्हाला वाटलं, एक पत्ता तेवढा कुणी पुसणार नाही," त्या म्हणाल्या. "माणूस मेला तरी कळवायला लागतो."

मग त्यांच्या लक्षात आलं आपण कुणाशी बोलतोय, आणि त्यांनी ट्रॉलीचा कप्पा हळूच बंद केला. रविवारनंतर पट्ट्या कोऱ्या छापल्या जाऊ लागल्या तेव्हा कुणी विचारलं नाही का, असं थोरलीने विचारलं. प्रशिक्षणात तुम्हीच सांगितलं होतंत ना, त्या म्हणाल्या, सगळं आपोआप आपापल्या जागी जाईल, तुम्ही शोधत बसू नका.

विभागाचे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दार लावून घेतलं आणि आधी तिला पाणी दिलं. त्या ओळी आजच्या आज जुन्यावरून काढून योग्य रकान्यात भरू, ते म्हणाले. पेशंट सुरक्षित, विषय मिटला. लेखी कशाला? कंत्राट मोडेल, विभाग बंद पडेल, आणि तुमच्यावर तर आधीच आभाळ कोसळलंय. निलंबित सिस्टरबद्दल तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले, की चौकशी रेंगाळते, मग माणसं विसरतात, घेतील परत. "आणि खरं सांगू का, ती आणखी नीट विचारू शकली असती."

हे खोटं नव्हतं म्हणून ते जास्त लागलं. थोरलीलाही विचारता आलं असतं. दोघींपैकी एकीने निदान विचारलं तरी होतं.

ओळी भरायला तिने लगेच बसायला हवं, यावर दोघांचं एकमत होतं. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत बसून तिने आणि बॅकअपनी त्या तीन हजार एकशे अठरा नोंदी एकेक करून वाचल्या आणि जागेवर घातल्या. या वेळी नियम लिहिला नाही. बाबांची नोंद आली तेव्हा ती बॅकअपनी भरली.

घरी धाकटा टेबलाशी अर्ज घेऊन बसला होता. आज तरी वाच, तो म्हणाला, कार्यालय शुक्रवारी बंद आहे. तिने आईला हाक मारली. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि तशीच उभी राहिली.

थोरलीने सगळं सांगितलं. पत्त्याची ओळ, नियम, तारीख. एवढ्यावर थांबता आलं असतं. तिने पेन्सिलीच्या रेघेचंही सांगितलं.

धाकट्याला आधी समजलंच नाही. तो सिस्टरचंच बोलत राहिला. मग हातातला अर्ज खाली ठेवला. "ताई, हे बाहेर कुणाला माहीत आहे?" त्याने विचारलं, आणि विचारताना त्याचा आवाज अगदी साहेबांसारखा झाला.

आईने मात्र वेगळं विचारलं. "तुला दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"आणि विचारलं नाहीस."

"नाही."

आई खुर्चीत बसली. तिने चष्मा मागितला. टाइप केलेला अर्ज पहिल्या शब्दापासून वाचला, ओठ हलवत. जिथे त्या सिस्टरचं नाव होतं तिथे बोट ठेवून थांबली. धाकट्याकडून पेन घेतलं, ते नाव खोडलं आणि पेन थोरलीसमोर धरलं. "इथे तुझं लिही. माझ्याने लिहवणार नाही."

तिने लिहिलं. खाली आईने सही केली, तारीख घातली. धाकटा उठून गॅलरीत गेला. नंतर कितीतरी दिवस तो तिच्याशी बोलला नाही, आणि आई बोलली ती फक्त कामापुरतं. बाबांबद्दल तर नाहीच. ते वाक्यही तिने पुन्हा उच्चारलं नाही. थोरलीला वाटलं होतं, सांगून टाकल्यावर निदान झोप तरी येईल. तसं काही झालं नाही.

सिस्टर तीन आठवड्यांनी कामावर परतली. जिन्यात भेटली तेव्हा न पाहता निघून गेली. थोरलीचा पासवर्ड बंद केला होता, चौकशी संपेपर्यंत संगणकाला हात लावायचा नव्हता. पण त्या तीन हजार एकशे अठरा घरांना कळवायचं ठरलं होतं, आणि फोन करायला माणसं कमी होती. तिने ते काम मागून घेतलं. कागदाची यादी, एक टेलिफोन आणि कोपऱ्यातलं टेबल.

कुणी आभार मानत, कुणी संशय घेत. काही नंबर बंद होते. एका घरी बाईंनी सांगितलं की ते मागच्याच महिन्यात वारले. कशाने, हे विचारायला थोरलीची जीभ रेटेना, पण तिने विचारलं. रस्त्यावर, अपघातात. तिने ते यादीत लिहिलं, आणि आपल्याला सुटल्यासारखं वाटलं याची तिला लाज वाटली.

दुपारी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी फोन उचलला. तुम्हाला सल्फा चालत नाही, तिने सांगितलं, कुठल्याही दवाखान्यात गेलात तर आधी हे सांगा.

"तुमच्याकडे लिहिलेलं आहे ना, पोरी? मग मला कशाला?"

"आमच्याकडे लिहिलेलं राहत नाही, काका. तुमच्याजवळ असू द्या."

ते पेन शोधायला उठले. एक ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, मग दुसरा. कुणाला तरी हाक मारली, कुणी आलं नाही. यादीत अजून दोन हजारांवर नावं होती. ती फोन कानाला लावून थांबली.