द्वारकाची वाटी

द्वारकाचं हिरवं दार पिवळं पडलं, तेव्हाच कुमुदला कळलं की समोरचं घर लांब जायला लागलंय.

घर चालत नव्हतं. पायरी, तुळस, दोरीवरचे टॉवेल, सगळं जागच्या जागी. दोघींच्या उंबऱ्यांमधे नुसता नवा रस्ता येत होता. उतू जाणाऱ्या दुधासारखा, पण थंड.

ओट्यावर द्वारकाची वाटी होती. स्टीलची, कडेला टिंबाटिंबांनी नाव घातलेली. नळावरच्या भांडणानंतर, दिवाळीपासून, दोघी एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. कुमुदचं पातेलं तिकडेच अडकलेलं. आणि काल होळीला द्वारकानं न बोलता कटाची आमटी पाठवली.

आता वाटी परत करायची. रिकामी नाही. रिकामी वाटी म्हणजे भांडण चालू.

कुमुदनं रवा भाजायला घेतला.

“कशाला?” तिचे यजमान विश्वासराव दारातून म्हणाले. “वसाहतीतलं एकूण एक घर चाललंय. दुप्पट लांबचं दुप्पट वेगानं. लांब जाणारं लालकडे झुकतं, जवळ येणारं निळ्याकडे. सगळी आपल्यापासूनच पळताहेत, बघ. आपण मधोमध.”

“बसा मधोमध.”

दार नारिंगी झालं. कुमुद पायरीवर आली.

“ए द्वारके! निघालीस कुठं?”

उत्तर यायला वेळ लागला. द्वारकाचा चिरका आवाज ढोलासारखा जाड होऊन आला.

“मी कुठं निघालेय? तूच चाललीस! इथून बघ, सगळी माझ्यापासून पळताहेत!”

“खोटारडी!”

“तू खोटारडी! माझी वाटी गिळलीस!”

मग आणखी जाड, आणखी उशिरा:

“वा टी

आ

ण”

दार लाल झालं.

कुमुदनं वाटीत शिरा दाबून भरला, वर झाकण ठेवलं, पदर खोचला.

“पोचायची नाहीस,” विश्वासराव म्हणाले. “तू पाऊल टाकशील तोवर त्याहून जास्त रस्ता आलेला असेल.”

“वाटी लांबली का? हा चमचा लांबला? धरून ठेवलेलं काही लांबत नाही. येताय?”

“मी उठलो तर मधे कोण?”

ती निघाली.

मागे वळून पाहिलं तेव्हा तिचं स्वतःचं घर पिवळं होतं. पुढच्या वेळी लाल. त्यानंतर वळून बघण्यासारखं काही उरलं नाही. घरं लालच्याही पलीकडे गेली होती, तिथून उजेड येत नव्हता. येत होती फक्त मंद ऊब. फार पूर्वी विझलेल्या चुलीची असावी तशी. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी सारखीच.

रस्ता आता तिच्या पावलाखालूनही येत होता.

“ये,” कुमुद त्याला म्हणाली. “किती यायचंय तितका ये.”

तिनं चपला काढून फेकल्या. चपला हळूहळू एकमेकींपासून दूर जाऊ लागल्या. वाटी तिनं छातीशी धरली. चटका बसत होता, बसू दिला.

समोर एक लाल ठिपका होता. बाकीचे विझले तसा तो विझला नाही.

नारिंगी झाला.

पिवळा.

हिरवा झाला. द्वारकाच्या दाराचा हिरवा. पण तिथं थांबला नाही.

ठिपका निळा झाला. त्याला पाय होते, आणि त्याच्या हातात कुमुदचं पातेलं होतं.

कुमुद पळत सुटली. मधला रस्ताही.