शालूच्या कागदांची पिशवी

मी एक जुनी रेक्झिनची पिशवी आहे. मित्रांनो, मला कोणी हौसेने विकत घेतलेलं नाही. कपाशीच्या बियाण्याच्या चार पाकिटांवर मी फुकट मिळाले. माझ्या पोटावर पांढऱ्याशुभ्र बोंडाचं चित्र आहे आणि त्याखाली लाल ठसठशीत अक्षरांत लिहिलं आहे, 'भरघोस उत्पन्नाची हमी'. त्या वर्षी बोंडअळी आली आणि हमी तेवढी माझ्या अंगावर राहिली.

माझे मालक बुधाजी. वलगावच्या पुढे एका लहान गावात आमचं घर आहे. बुधाजींनी दोन एकर शेत सांभाळत तीस वर्षं ग्रामपंचायतीत शिपाई म्हणून काम केलं. निवृत्त झाले तरी ते अजून 'आमच्या हापिसात' असंच म्हणतात. त्यांचा मुलगा प्रीतम अमरावतीच्या रस्त्यावर ऑटो चालवतो, सून संध्या घरी ब्लाउज शिवते. आणि त्यांची नात शालू.

तरुणपणी मी तुरीच्या शेंगा वाहिल्या, बुधाजींचा डबा वाहिला. एकदा पाहुण्यांकडे जिवंत कोंबडीही नेली. त्या प्रवासाबद्दल मी जास्त बोलणार नाही.

शालू चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. हाक मारली तर वळून पाहायची नाही, पण शेजारच्या खोलीत ताटली गरगर फिरली की धावत जायची. कुकरची शिट्टी झाली की दोन्ही कानांवर हात. अंगणात तुरीच्या शेंगा लहानापासून मोठ्यापर्यंत एका ओळीत मांडायची, आणि एक जरी कोणी हलवली तरी रडून गाव गोळा करायची. मग गावाने उपाय सुचवले. एकाने सांगितलं, पोपटाचं उष्टं खाऊ घाला, पोरगी पोपटासारखी बोलेल. प्रीतम तीन दिवस पेरू घेऊन पोपट शोधत फिरला. पोपट मिळाला, पण त्याने पेरू सोडून प्रीतमचं बोट चावलं.

शेवटी अमरावतीच्या एका डॉक्टरीणबाईंनी शालूला नीट तपासलं. त्या म्हणाल्या, याला ऑटिझम म्हणतात, मराठीत स्वमग्नता. यात कोणाची चूक नाही. शालूच्या मेंदूची वाढ वेगळ्या वाटेने चालली आहे. तिला आठवड्यातून दोनदा थेरपीला आणा.

चार महिने थेरपी झाली आणि एके दुपारी शालूने आईचा पदर ओढून म्हटलं, "पानी."

संध्याने पाणी दिलं. तो शब्द पुन्हा ऐकावा म्हणून प्रीतमने दुसरा पेला भरून समोर धरला. बुधाजींनी तिसरा. शालूने तिन्ही पेले पिऊन टाकले, शब्द मात्र तिने पुन्हा काढला नाही. त्या दिवशी घरात सगळे उगाचच हसत होते.

पण थेरपीची फी आणि ऑटोच्या बुडालेल्या फेऱ्या यांत प्रीतमच्या हाती काही उरत नव्हतं. एके दिवशी तो मान खाली घालून म्हणाला, "संध्या, आता या महिन्यापुरतंच."

संध्याने ते थेरपीच्या मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "थांबवू नका. आता कुठे ती बोलायला लागली आहे. दिव्यांग प्रमाणपत्र काढा. त्यावर महिन्याचं अनुदान मिळतं, थेरपीचा खर्च देणारा आरोग्य विमा आहे. मिळतं, पण मागावं लागतं."

त्या संध्याकाळी संध्याने मला खुंटीवरून काढलं, दोनदा साबणाने धुतलं आणि माझ्यात कागद भरले. मित्रांनो, कोंबडीनंतर ही बढतीच होती.

पहिली फेरी मोठ्या सरकारी दवाखान्याची. संध्या, शालू आणि काठी टेकत बुधाजी. दारातल्या वॉर्डबॉय मामांनी आम्हाला पाहिलं आणि विचारलं, "दिव्यांगाचं काम ना?" संध्या 'हो' म्हणाली. त्याबरोबर त्यांनी चाकाची खुर्ची आणली आणि बुधाजींना तीत बसवून नेलं.

"अरे, मी नाई! माही नात!"

"घाबरू नका बाबा, सगळं नीट होते."

अर्ध्या तासाने संध्याला ते गुडघ्यांच्या रांगेत सापडले. हातात गोळ्यांची पुडी होती. "नंबर आलाच होता, त म्या दाखवूनच घेतला," ते समाधानाने म्हणाले.

इकडे गर्दी आणि पंख्याची खडखड ऐकून शालू किंचाळू लागली. रांगेतली एक बाई म्हणाली, "पोट्टी त चांगली दिसते. लाड जास्त झाले." संध्याचे डोळे भरून आले. काय करावं न सुचून तिने मला पुढे धरलं आणि माझी चेन ओढली. चर्रर्र. शालू गप्प झाली. तिने स्वतः चेन ओढली. उघड, बंद. उघड, बंद. नंबर येईपर्यंत दोन तास तिचं हेच चाललं. माझे दोन दात त्या दिवशी गेले, पण खरं सांगते, आयुष्यात इतकं महत्त्व मला कधी मिळालं नव्हतं.

तिसऱ्या फेरीला प्रमाणपत्र मिळालं. मग तहसील. अनुदानासाठी तिथून उत्पन्नाचा दाखला हवा होता, तोही कमी उत्पन्नाचा. खिडकीत पंजाबराव नावाचे कारकून होते.

"उत्पन्न किती?"

"लय कमी हाय साहेब," संध्या म्हणाली आणि कागद काढण्यासाठी तिने मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं.

पंजाबरावांनी चष्मा वर केला आणि मोठ्याने वाचलं, "भरघोस उत्पन्नाची हमी."

रांगेत हसू फुटलं. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

"साहेब, ते बियाण्याचं हाय," संध्या कशीबशी म्हणाली.

"पण लेखी हाय ना!"

पंजाबराव गंमत करत होते, पण बुधाजींना ते कळलं नाही. त्यांनी खिडकीत डोकं घालून बोंडअळी कशी आली, पहिली वेचणी कशी गेली, हे अगदी पहिल्यापासून सांगितलं. रांग मारुतीच्या देवळापर्यंत गेली. एवढं होऊन एक कागद कमी पडलाच.

दुसऱ्या खेपेला संध्याने मला उलटी करून नेलं. अक्षरं आत गेली, पण चेनही आत गेली. शालूने चेन शोधली, ती सापडेना, आणि तिने तहसील डोक्यावर घेतलं. संध्याने भर रांगेत मला पुन्हा सुलटं केलं. चर्रर्र झालं आणि शांतता पसरली. पंजाबराव उठून बाहेर आले. बराच वेळ ते शालूकडे पाहत राहिले.

"बाई, तुमी लाइनीत काहून उभ्या? पोरीले घेऊन झाडाखाली बसा. नंबर आला की मी आवाज देतो." दाखला हातात देताना त्यांनीच विचारलं, "ग्रामपंचायतीत मागतलं का? दिव्यांगांसाठी पाच टक्के निधी ठेवा लागते त्यायले."

"आमच्या हापिसात असं काही नाई," बुधाजी ठामपणे म्हणाले. "म्या तीस वर्षं काढले तठी."

तरी दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. ग्रामसेवकबाई नव्या होत्या. त्या म्हणाल्या, "निधी आहे. पण आजवर इथे वाटपच झालं नाही. जुनं पत्र सापडलं तर ठराव लवकर करता येईल."

कपाटं उघडली, गठ्ठे झटकले. बुधाजींची नजर मात्र टेबलाखाली गेली. ते हळूच वाकले आणि जुन्या साहेबांच्या टेबलाच्या आखूड पायाखालची कागदांची घडी त्यांनी ओढली. टेबल कलंडलं. पेला, शाईचं पॅड, हजेरीचं रजिस्टर, सगळं घरंगळत खाली आलं. ती घडी उलगडली तर तेच पत्र होतं.

"टेबल हालत होतं," बुधाजी म्हणाले. "म्याच लावलं होतं."

सगळे पोट धरून हसले. बुधाजी हसले नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी काठी भिंतीला टेकवली. मग ओट्यावर बसून म्हणाले, "संध्या, आठ वर्षं झाले. खालच्या गल्लीतली पार्बताबाई आचलले घेऊन आली होती. तिची आचलही आपल्या शालूसारखीच. काही मदत भेटते का म्हणे. साहेब नव्हते. मीच सांगतलं, असं काही नसते माय, घरी जाय."

संध्याने त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. मग ती म्हणाली, "मामाजी, घर तर तठीच हाय तिचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बुधाजींनी माझ्यातले कागद डब्यात काढून ठेवले आणि मला रिकामीच काखोटीला मारून पार्बताबाईंच्या दारात गेले. काठी बाजूला ठेवून त्यांनी सगळं सांगितलं, टेबलाच्या पायासकट. आत आचल एका लयीत डोलत बसली होती. आता ती एकोणीस वर्षांची आहे.

"आठ वर्षं उशीर झाला, बुधाजी," पार्बताबाई म्हणाल्या.

"हाव."

"पोरगी लहान होती तवा लागत होतं."

"हाव, माय. चुकलो."

त्या आत गेल्या. मला वाटलं, दार लागणार. पण त्या बाहेर आल्या त्या आचलचं आधार कार्ड घेऊन. "बसा. काय काय लागते ते सांगा."

ग्रामपंचायतीचा ठराव झाला. शालूची थेरपी थांबली नाही. महिन्याच्या अनुदानाचा अर्ज एकदा परत आला, दुसऱ्यांदा मंजूर झाला. विम्याचं कार्डही आलं. आचलचे कागद अजून फिरत आहेत, आणि बुधाजी त्यांच्यामागे.

मित्रांनो, माझा एक बंद तुटला आहे, चेन अर्ध्यावर अडते. तरी मला फेकू नका, शिवून घ्या. आणि एवढं ऐका, तुम्हाला एखाद्या मदतीची खिडकी सापडली, तर तिचा पत्ता आपल्याच घरात ठेवू नका. काल नांदगाव खंडेश्वरहून एक बाप आपल्या लहानग्याला घेऊन एसटीने आला होता. कुठून सुरुवात करावी, त्याला कळत नव्हतं. बुधाजींनी त्याला खाटेवर बसवलं, मला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "चहा घे अगुदर. तुले कुठी कुठी 'नाई' म्हणतीन ते पयले सांगतो. मंग तू कुठीच घाबरणार नाई."