निरोगी पंपाचा आवाज

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे आणि एका अख्ख्या शहराचे पाणी एकदा माझ्यावर अवलंबून होते. खरे सांगायचे तर माझ्यातल्या चाळीस सेकंदांवर. बाकीच्या भागात पंप बसवणाऱ्या मिस्त्रींच्या साडूंनी गायलेली गाणी आहेत.

पाणीपुरवठ्याचा मोठा पंप सुरू झाला, त्या दिवशी मिस्त्रींनी त्याचा आवाज माझ्यात भरला. पुढे कधी पंप वेगळा वाजला, तर ताडून पाहता यावे म्हणून. तो कुणी पुसू नये, यासाठी माझ्या कडेची प्लॅस्टिकची टिकलीही त्यांनी मोडली. भोक बुजवले की माझ्यावर पुन्हा भरता येते, म्हणून साडूंनी त्यावर चिकटपट्टी लावली आणि गायला बसले.

पुढे तोच आवाज फ्लॉपीवर आणि हार्ड डिस्कवरही गेला. आम्ही तिघी एकाच कुळातल्या. चुंबकाने बारीक कण वळवून ठेवायचे, एवढेच आमचे काम. पण हार्ड डिस्कचा तोरा निराळा. वाचणारे टोक तिच्या तबकडीला न शिवता तरंगते आणि हवे तिथे क्षणात पोचते. फ्लॉपीवर ते उड्या मारते, पण घासत. माझ्यावर नुसतेच घासते, आणि मधले काही हवे असेल तर आधी मला गुंडाळत बसावे लागते.

एके दिवशी, ऐन जेवणाच्या सुट्टीआधी, पंप टकटक करू लागला. बेअरिंग गेले असेल आणि पंप चालूच ठेवला, तर दांडा मोडून शहर महिनाभर कोरडे. उगाच थांबवला, तर इस्पितळासकट सगळ्यांचे पाणी दोन दिवस बंद. ठरवायचे होते इंजिनिअर बाईंना.

हार्ड डिस्क लावली. तरंगणारे टोक तबकडीवर टेकले. कर्र झाले आणि सगळेच गेले. फ्लॉपीला बुरशी लागली होती.

"बाई, काय ते लवकर ठरवा," पंपवाले काका म्हणाले. "माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही."

"तुमच्या घासाचं नंतर बघू, काका. कॅसेट लावा."

काकांचा अंगठा नेमका आवाज भरायच्या लाल बटणावर गेला. भोकावर पट्टी होतीच. ते बटण दाबले असते, तर मी पुसलीच गेले असते.

"अहो, लाल नको!" बाई ओरडल्या.

साडू गाऊ लागले. मला पुढे पळवले, पुन्हा साडू. बाईंचा एक हात पंपाच्या स्विचवर होता. तिसऱ्या खेपेला पंप सापडला. घरघर, आणि तीच टकटक.

"टकटक पंपाची नाही," माझ्यातून मिस्त्री बोलले. "डबा मोटरवर ठेवलाय. गरम राहतो."

बाईंनी काकांकडे पाहिले.

मित्रांनो, मोलाचे काही असेल तर एकाहून जास्त ठिकाणी ठेवा, आणि अधूनमधून लावून पाहा. मोडलेल्या टिकलीवर पट्टी लावू नका. ती कुणीतरी विचार करून मोडलेली असते.

काकांनी मोटरच्या मागच्या बाजूने डबा उचलला. टकटक थांबली. जुना प्लॅस्टिकचा डबा वितळला, म्हणून त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच स्टीलचा आणला होता.