नारिंगी कोटाचे अस्तर

मित्रांनो, मी टॅमरॅक गावच्या शाळेतली जुनी वॉशिंग मशीन आहे. सध्या माझा मुक्काम शाळेच्या मागच्या बाजूला, माल उतरवण्याच्या ओट्यावर आहे. भंगाराची गाडी उद्या सकाळी यायची आहे, तेव्हा जे सांगायचे ते आटोपशीर सांगते. माझ्यावर दया मात्र करू नका. दया काय करू शकते ते मी नुकतेच पाहिले आहे.

ओहायोतल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पोट पोलादी, दार गोल काचेचे. त्या काळी शाळेत गृहशास्त्र शिकवत असत आणि मला त्या वर्गासाठी आणले होते. मुले माझ्यासमोर उभी राहून डागांचे प्रकार पाठ करीत. पुढे शाळामंडळाला साक्षात्कार झाला की भविष्यकाळात कपडे मळणार नाहीत. गृहशास्त्र बंद झाले, त्या वर्गात संगणक आले आणि माझी रवानगी तळघरात, बॉयलरशेजारच्या खोलीत झाली. तिथे बाद केलेल्या ज्ञानकोशांची मांडणी होती. मला ओले व्हायचे होते, त्यांना उघडायचे होते. दोघांकडेही कोणी फिरकत नव्हते. शेजार चांगला जमला.

अनेक वर्षे अशीच गेली. त्यांबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

मग गावातली कागदाची गिरणी बंद झाली. माणसे घरे सोडून जंगलाकडेच्या रस्त्यावर ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरांत, राहू लागली. ट्रेलरमध्ये चूल असते, बिछाना असतो, पण कपडे धुण्याची सोय नसते. दर सोमवारी सकाळी पोटदुखीची तक्रार घेऊन मुले शाळेच्या परिचारिकेकडे येऊ लागली. या परिचारिका म्हणजे मिसेस बुशार. मुले त्यांना मिसेस बी म्हणत. त्यांनी पोटे दाबून पाहिली. पोटे ठीक होती. आजारी होते ते शर्ट, आणि त्या शर्टांशेजारी बसायला वर्गात कोणी तयार नव्हते. मिसेस बींनी मला नळ जोडून घेतला.

पण वास मारणाऱ्या मुलाला उपासापेक्षाही कशाची भीती वाटत असेल, तर मदत घेताना कोणी पाहण्याची. म्हणून मिसेस बी फुटबॉलच्या कोचकडे गेल्या. तो संवाद माझ्यासमोरच झाला.

"कोच, तुमच्या पोरांच्या जर्सी यापुढे मी धुणार."

"तुम्ही? का बरं?"

"वास माझ्या खोलीपर्यंत येतो म्हणून."

"बाई, तो विजयाचा वास आहे."

"गेल्या मोसमात तुम्ही एकही सामना जिंकला नाहीत, कोच."

"मग घाम तरी खरा आहे ना! न्या, न्या."

त्या दिवसापासून मी संघाची मशीन झाले. पिशवी घेऊन तळघरात उतरणारे प्रत्येक मूल संघाच्या जर्सी पोचवायला चालले आहे, असेच सगळे धरून चालत. पहिल्या तासाआधी पिशवी यायची आणि जेवणाच्या सुट्टीआधी उबदार होऊन परत जायची. कोणी विचारायचे नाही, कोणाला सांगावे लागायचे नाही. मी पुष्कळ संस्था पाहिल्या असा माझा दावा नाही. पण त्या शाळेत नीट चालणारी तीच एक होती, आणि तिची कोठेही नोंद नव्हती.

सहावीतली मार्ली निएमी याच वाटेने माझ्याकडे आली. तिची आई वृद्धाश्रमात रात्रपाळी करीत असे. मार्लीचे बाकीचे कपडे सांगण्याजोगे नव्हते. कोट मात्र होता. तो तिच्या आजोबांचा, वर्न निएमींचा. शिकारी घालतात तसला, डोळ्यांत भरणारा नारिंगी. वर्न पाव शतक शाळेची बस चालवीत होते. बसच्या हीटरने डावी बाही जळाली होती आणि तिच्यावर निळ्या जीन्सचे चौकोनी ठिगळ लावलेले होते. अर्धे गाव त्या ठिगळाकडे पाहत शाळेत गेले होते.

"अगं, केवढा मोठा आहे हा तुला!" पहिल्या दिवशी मिसेस बी म्हणाल्या होत्या.

"आजोबा म्हणायचे, कोट मोठा नाहीये, तूच अजून त्यात पोचायची आहेस." मार्लीने बाहीची तिसरी घडी उलगडत सांगितले.

"आणि रंग तरी किती भडक!"

"मोसमात दिसायला नको का, मिसेस बी? आजोबा म्हणायचे, हरणांच्या मोसमात जंगलाच्या रस्त्याने तपकिरी घालून जाईल तो एक तर हरीण, नाही तर गाढव."

मिसेस बी खळखळून हसल्या. मार्ली हसली नाही, पण तिने कोट माझ्या पोटात हलकेच ठेवला, झोपलेल्याला ठेवावे तसा. मीही त्या दिवशी थोडी सावकाश फिरले.

नोव्हेंबरच्या मध्यावर इकडे हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो आणि त्या दिवशी शाळेला सुट्टी असते. गणिताच्या शिक्षकांपासून पाद्र्यापर्यंत सगळे गाव नारिंगी होऊन बंदुका घेऊन जंगलात शिरते. झाडीत हलणारी वस्तू माणूस आहे, हे त्या रंगावरूनच दुसऱ्या बंदुकीला कळते. इथे पहिलीतल्या मुलालाही हे सांगावे लागत नाही.

या ऑक्टोबरमध्ये माझ्या शेजारचा, कपडे वाळवणारा ड्रायर बिघडला. मिसेस बींनी नवा मागितला. मंडळाने मागणीची दखल घेतली. दखल घेणे ही मंडळाची आवडती कृती आहे, कारण तिच्यानंतर दुसरी करावी लागत नाही. तोवर धुतलेले कपडे माझ्या पाठीवर वाळत पडू लागले. आणि असाच एके दिवशी नारिंगी कोट दोन्ही बाह्या खाली सोडून माझ्यावर पसरलेला असताना मि. हॅवरकँप तळघरात उतरले.

मि. हॅवरकँप हे मंडळाचे नवे संपर्क अधिकारी. राज्याच्या राजधानीतून आलेले, हसतमुख, मनाने चांगले. त्यांच्यात वाईट काही असते तर ही गोष्ट सांगणे मला सोपे गेले असते. ते मंडळाच्या 'शरदवार्ता' या पत्रासाठी बातम्या गोळा करीत होते: भोपळ्यांची स्पर्धा, बँडपथक, विद्यार्थी साहाय्य.

"अरे वा!" कोट पाहून ते थबकले. "हा कुणाचा?"

"आपल्याच एका कुटुंबाचा," मिसेस बी म्हणाल्या.

"काय चित्र आहे! थांबा, हलवू नका."

"जर्सींचा काढा की फोटो. त्या बघा, किती स्वच्छ निघाल्यात."

"जर्सी बघून कुणी ड्रायर देत नाही, मॅडम. आणि काळजी करू नका, मुलाचा चेहरा नाही, नाव नाही. नियम मला तोंडपाठ आहे. लोकांच्या काळजाला हात घालायला एक बाही पुरते."

मिसेस बींनी कोटाकडे पाहिले, मग बंद पडलेल्या ड्रायरकडे पाहिले. ड्रायरच्या दारात दुसऱ्या कुणाचे ओले मोजे लोंबत होते. त्या बाजूला सरकल्या.

मुलाचा चेहरा दिसू नये, असा नियम होता. नियम अक्षरशः पाळला गेला. त्या कोटाला स्वतःचा चेहरा होता आणि तो सगळ्या गावाच्या ओळखीचा होता, हे कलम मात्र नियमात नव्हते. आयुष्यात पहिल्यांदाच माझा फोटो पहिल्या पानावर छापून आला. खाली लिहिले होते, 'कुणाची तरी लेक आज स्वच्छ कपड्यांत शिकते आहे.' कुणाची, हे सांगायला ठिगळ होतेच. जर्सींच्या आड इतकी वर्षे काय चालले होते तेही तपशीलवार छापले होते, कौतुकाने.

फुटबॉलमधला ब्रॉक जर्सी टाकायला आला तेव्हा सोबत्याला रंगवून सांगत होता.

"बसमध्ये चढली ना, तर मी विचारलं, काय मार्ली, आज थंड पाणी की गरम?"

"मग?"

"मग काय, गप्प. म्हटलं, माझ्या बापाने साबणाचं खोकं दिलंय, निदान एक बाही तरी माझ्या नावाची! सगळी बस हसली."

ती बस वर्न निएमी चालवायचे तीच.

दुसऱ्या दिवशी मार्ली आली. तिच्या अंगात राखाडी स्वेटशर्ट होता आणि कोट हातावर.

"मिसेस बी, हा राहू दे इथेच."

"का गं?"

"लहान होतो मला आता."

बाह्या अजून तीन घड्यांच्या होत्या. "बरं," एवढेच मिसेस बी म्हणाल्या. कोट त्यांनी खुंटीला अडकवला आणि मार्ली गेल्यावर बराच वेळ त्याच्या कॉलरवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

त्यानंतर पिशव्या येईनात. मार्लीची नाही, इतर कोणाचीही नाही. पिशवी घेऊन तळघराचा जिना उतरणे म्हणजे काय, हे आता साऱ्या शाळेने वाचले होते. मिसेस बी रोज सकाळी दार उघडे ठेवून बसत. सोमवारच्या पोटदुख्या पुन्हा सुरू झाल्या.

मदत मात्र आली, पुराच्या पाण्यासारखी. साबणाची खोकी माझ्या उंचीपर्यंत चढली. कोट आले, त्यांच्या छातीवर मंडळाचे बोधचिन्ह शिवलेले होते, म्हणजे दात्यांना ते दुरूनही ओळखता यावेत. ड्रायर आला आणि त्याच्या जोडीला नवी मशीनही आली. फीत कापायचे ठरले. फोटोच्या वेळी मिसेस बी वरच्या मजल्यावर कुणाचे तरी नाकातून येणारे रक्त थांबवत होत्या. मि. हॅवरकँपना खुंटीवरचा नारिंगी कोट खटकला.

"हा फोटोत नको. विषय पुढे गेलाय," असे म्हणून त्यांनी तो माझ्या पोटात टाकला, दार लावले आणि कामगारांना खूण केली. मला ढकलत ओट्यावर आणले गेले. नंतर मिसेस बींचा आवाज दारातून ऐकू आला.

"इथे खुंटीला कोट होता. कुठे गेला?"

"भंगारात गेला असेल, बाई," एक कामगार म्हणाला.

"कुणाला विचारून?"

 तो कोट त्यांच्यापासून दहा-बारा पावलांवर होता. मला आवाज नाही, फक्त काच आहे. आणि काचेपुढे कोणीतरी वाकावे लागते.

मोसम उघडला. सुट्टी झाली, शाळा पुन्हा भरली. परवा मि. हॅवरकँप या ओट्यावर उभे राहून फोनवर बोलत होते. "धुलाईची मागणी जवळपास शून्यावर आलीय. हो, एकाच शरद ऋतूत! हिवाळ्याच्या अंकात घेऊ. योजना यशस्वी झाली." मित्रांनो, ते खोटे बोलत नव्हते. कोणी येत नव्हते हे खरेच होते.

मार्ली आता बसने येत नाही. जंगलाच्या रस्त्याने चालत येते, मागच्या दाराने शिरते आणि त्याच दाराने परतते. स्वेटशर्टच्या बाह्यांत हात ओढून घेते. बोधचिन्हाचा एक कोट तिला दिला होता म्हणतात. तिने आभार मानले आणि तो घातला नाही.

आज शाळा सुटल्यावर ती ओट्यावरून जात होती. बर्फ भुरभुरत होता. ती माझ्यासमोर थांबली. बाहीने काच पुसली. वाकली.

दार उघडून तिने कोट बाहेर ओढला आणि त्यात तोंड खुपसले. मला वाटले, चला, निदान एवढे तरी झाले. तेवढ्यात पुढच्या बाजूने बसचा हॉर्न वाजला आणि पोरांचा गलका ऐकू आला. मार्लीने मान वर केली. मग तिने शांतपणे, एकेक करून, दोन्ही बाह्या आतून बाहेर काढल्या. ठिगळ आत गेले. नारिंगी रंग आत गेला. बाहेर आले ते अस्तर. ते तपकिरी होते, वाळक्या नेचासारखे, हरणाच्या पाठीसारखे.

तो तिने अंगात घातला, वरपर्यंत बंद केला आणि जंगलाच्या रस्त्याला लागली. पहिल्या वळणापर्यंत मला ती दिसत होती. तिथून पुढे झाडे आणि ती वेगळी ओळखू येईनात.

मित्रांनो, अशा आत्मवृत्ताच्या शेवटी काही बोध सांगायचा असतो. सांगते. कोणाला ऊब द्यायची असेल तर द्या. पण ती कोणी घेतली हे गावाला दाखवू नका. नारिंगी रंग दिसण्यासाठीच असतो. मात्र तो कधी आणि कोणाला दिसावा, हे ज्याच्या अंगावर कोट आहे त्याला ठरवू द्या. आणि जुनी वस्तू टाकून देण्यापूर्वी एकदा वाकून आत पाहा. एवढेच.

अंधार पडायला अजून अवकाश आहे. जंगलाच्या बाजूने बंदुकीचा एक बार ऐकू आला, मग आणखी एक. मोसमात ते ऐकू येतातच. गावात कोणी मान वळवून पाहिले नाही. भंगाराची गाडी सकाळी येईल. शाळेची घंटाही सकाळीच होते. गाडीवाल्यांना माझी एकच विनंती आहे: घंटा होईपर्यंत थांबा. मागच्या दाराने कोण येते ते मला पाहू द्या, आणि मग न्या.