मागून पुढे

मान

टोप मानेपासून विणायचा. सुईएवढी आकडी जाळीच्या छिद्रात घालायची, दोन-तीन केस ओढून घ्यायचे, गाठ मारायची. पुढचं छिद्र. वरची ओळ खालच्या ओळीवर पडत जाते. उलट केलं, कपाळापासून, तर विणलेले केसच पुढ्यात लोंबतात, छिद्रं दिसत नाहीत. म्हणून मागून पुढे. ताईनं नटांचे, टकलांचे, आजाऱ्यांचे सगळे टोप असेच केले होते.

हे केस ढमीचे होते. ढमी, तिची धाकटी बहीण. लहानपणी गुबगुबीत होती. गुबगुबीतपणा गेला, नाव चिकटून राहिलं. औषधानं केस गळणार असं कळलं त्याच दिवशी तिनं वेणी कापून घेतली आणि आणून ताईच्या टेबलावर ठेवली.

"मला माझ्याच केसांत जायचंय."

"कामावर ना? जाशील की."

ढमी सिनेमाच्या तिकीट खिडकीवर बसायची.

"हो," ती म्हणाली, जरा उशिरानं. "कामावर."

वेणी तशीच पडून राहिली. ताई तिच्याभोवतीनं टेबल पुसायची. कुणी म्हणालं की मन लागत नाही, तर ताईचं उत्तर ठरलेलं असे: "इच्छा म्हणजे पाहुणी. आली तर चहा पाजू. नाही आली तर आपण काय उपाशी बसायचं?" आता ती स्वतःच पाहुणीची वाट बघत होती.

मग एकदा बसली. सकाळ झाली होती, एवढंच.

रोज चार बोटं रुंद. त्याहून जास्त केलं तर दुसऱ्या दिवशी बोटं वळत नाहीत. कमी केलं तर तिसऱ्या दिवशी माणूसच टेबलाकडे वळत नाही.

कानामागे

ढमी यायची, रुमाल बांधून, समोरच्या खुर्चीत. लाकडी डोक्यावर आपलेच केस उगवताना बघायची.

"कुठवर आलीस?"

"कानामागे."

"ताई, पुढून कर ना."

"असं कसं पुढून? कामाला काही नेम असतो."

"कामाला आहे गं. माझाच नाहीये."

"ढमे, थोबाड फोडीन."

"फोड. पण कपाळाकडून कर. खिडकीतून माझं तेवढंच दिसतं. मागे भोपळा असला तरी कुणाच्या बापाला कळतंय?"

ताई हसली. आकडी चालूच होती.

"रोजची चार बोटं म्हणे. आणि इथे मला स्वर्ग दोनच बोटं उरलाय."

"एवढा गर्व बरा नव्हे."

(इथं ताईनं मान वर करायला हवी होती. ओळ अर्ध्यात होती. तिनं ओळ पुरी केली.)

काही सकाळी डोळे भरायचे, छिद्र दिसायचं नाही. डोळे पुसले की दिसायचं.

कपाळ

आधी माथा यायला हवा होता.

ढमीचं येणं थांबलं. तिच्या मुलीचा निरोप आला: आईला इस्पितळात ठेवलंय. ताईनं त्या दिवशीची चार बोटं उरकली, मग गेली.

ढमी उताणी होती. मान उशीत. कान उशीत. कानांमागचं सगळं उशीत. वर उरलं होतं ते कपाळ, उघडं, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण तेच बघत होता.

ताई दारातच थांबली. इतक्या सगळ्या सकाळी बसून, इतक्या नेमानं, तिनं उशीसाठी केस विणले होते.

"कुठवर आलीस?" ढमीनं डोळे न उघडताच विचारलं.

"कान झाले."

"मग मागून छान दिसत असेन मी."

"गप पड."

घरी येऊन तिनं लाकडी डोकं फिरवलं. कपाळाकडून सुरू केलं आणि उठलीच नाही. संध्याकाळी फणी फिरवली तर अर्ध्या गाठी सुटून केस फणीत आले. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा चार बोटं. विणलेले केस चिमट्यानं मागे धरले की छिद्रं स्वच्छ दिसत होती.

म्हणजे जमत होतं.

म्हणजे पहिल्या दिवसापासून जमलं असतं.

उजव्या कानशिलापासून भांगापर्यंत. भांगाच्या थोडं पलीकडे. डाव्या कानशिलाकडे वळणार तोच भाचीचा फोन.

"मावशी, येतेस?"

"दोन बोटं राहिलीत गं, एवढी करून..."

पलीकडे भाची रडू लागली. ताईनं आकडी ठेवली. चिमटा काढला.

टोप तिनंच चढवला. डावं कानशील रिकामं होतं, म्हणून ढमीचा चेहरा हलकेच भिंतीकडे वळवला. लोक उजव्या बाजूनं आले, उभे राहिले, गेले. खिडकीवर तिच्या शेजारी बसणारी बाई म्हणाली, "केस बाकी जसेच्या तसे राहिले हो हिचे."

ताई उशीपाशी उभी होती, कुणी उशी सरकवू नये, माथ्याची रिकामी जाळी दिसू नये म्हणून. भाचीनं पाणी आणून दिलं, ते हातातच राहिलं.

माथा

टोप ढमीबरोबर गेला. दुसऱ्या दिवशी लाकडी डोकं बोडकं होतं. शेजारी वेणीतले उरलेले केस, मुळं एका बाजूला, टोकं एका बाजूला, जशी ती नेहमी लावून ठेवायची. एका माथ्यापुरते.

ताई बसली. पाहुणी आली नव्हती, येणारही नव्हती. नवी जाळी ताणून टाचली, आकडी उचलली, आणि कुठून सुरू करायचं ते सुचेना. लाकडी डोकं फिरवलं. मागे. पुढे. पुन्हा मागे.

मग मधोमध चार बोटं टेकवली आणि पहिलं छिद्र शोधायला लागली.