न सांगता शिकलेली भूमिका

न्यूझीलंडमधल्या मनुरेवा उपनगरातल्या त्या घरात सर्वांत आधी उठायचा मान आशालताबाईंचा. त्या सकाळी मात्र त्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि जागच्या जागी थिजल्या. खिडकीजवळच्या कोपऱ्यात, दाराकडे पाठ करून, अंग चोरून त्या स्वतःच बसल्या होत्या. तशीच खाली घातलेली मान, तसाच दोन्ही हातांत धरलेला स्टीलचा पेला, तसाच खांद्यावरून ओढून घेतलेला पदर. पदर कसला, राखाडी शाल होती ती. तरी आपण रात्री झोपेतच गेलो की काय, असं क्षणभर बाईंच्या मनात येऊन गेलं.

"आई, चहा ठेवलाय," मान न वळवता ती आकृती म्हणाली, तेव्हा कुठे कळलं की ही सोलेन आहे. आपली सून.

ही सोलेन म्हणजे कोणी ऐरीगैरी बाई नव्हे. सतराव्या वर्षी ती फ्रान्सच्या टीव्हीवर आली, बंदराच्या गावातल्या एका मालिकेत औषधवाल्याची मुलगी म्हणून, आणि घराघरांत जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसली. पुढे मुलांचा कार्यक्रम तिच्याकडे आला. तिकडे बुधवारी दुपारी शाळा नसे, म्हणून बुधवार म्हणजे सोलेनचं खळखळून हसणं, असं एका अख्ख्या पिढीला वाटे. मग प्रवासाचा कार्यक्रम मिळाला. त्यासाठी न्यूझीलंडला आली, समुद्रकाठच्या ओल्या खडकावरून घसरली आणि पाय मोडून घेतला. इस्पितळात ज्या डॉक्टरने तो पाय बसवला तो बाईंचा शिरीष. पाय बरा झाला, पण सोलेन परत गेली नाही.

'नटवी सून' म्हणून बाईंनी सुरुवातीला नाक मुरडलं होतं. पण सोलेनची एक रीत होती. जी बाई रंगवायची तिच्याजवळ जाऊन राहायचं, तिला काही विचारायचं नाही, नुसतं बघायचं. बेकरीवाल्याची बायको करायची होती तेव्हा ती पहाटे बेकरीत जाऊन उभी राहायची. पुरणपोळीसुद्धा ती अशीच शिकली, बाईंच्या मनगटांकडे बघून. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ती जरीच्या साडीत स्टेजवर यायची, माओरीतून आणि मराठीतून "किया ओरा आणि नमस्कार मंडळी" म्हणायची, आणि हॉल टाळ्यांनी दणाणून जायचा.

गेल्या हिवाळ्यात शिरीष गेला. सोलेनला कुणी काही सांगितलं नाही. सांगायची वेळच आली नाही. टिकली गेली, मंगळसूत्र कपाटात गेलं, रंगीत कपडे जुन्या वस्तूंच्या ऑप शॉपला गेले. मंडळाने गणपतीला दुसरी निवेदिका शोधली आणि त्याबद्दलही कुणी चकार शब्द काढला नाही.

तेव्हापासून त्या घरात बाईंना जिकडेतिकडे आपलंच भूत दिसायला लागलं. कुणी फोटो काढायला लागलं की मागच्या मागे सरकणारं, सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं वाढून घेणारं, हसू आलं की तोंडावर हात ठेवणारं.

त्याच दिवशी सोलेनच्या मुलीची, सिद्धीची, नर्सिंगची प्रॅक्टिकल परीक्षा होती. ती गाडीची किल्ली हातात घेऊन "मम? व्हेअर आर यू?" म्हणून हाका मारत राहिली आणि शेवटी तशीच निघून गेली. बाई शोधत लाँड्रीत गेल्या, तर ड्रायरच्या आड श्वास रोखून सोलेन उभी.

"मी समोर यायला नको," ती कुजबुजली. "परीक्षा आहे."

 शिरीष पुण्याहून न्यूझीलंडला निघाला, त्या दिवशी बाई न्हाणीघराच्या दाराआड अशाच उभ्या होत्या. विधवेचं तोंड नको मुलाला निघताना. टॅक्सी गेल्याचा आवाज त्यांनी आतूनच ऐकला होता. इथे आल्यावरही त्याच्या प्रत्येक मुलाखतीच्या सकाळी त्या याच लाँड्रीत येऊन उभ्या राहायच्या. आपलं कुणाला कळत नाही, अशी त्यांची समजूत होती.

संध्याकाळी सिद्धी घरी आली ती रडवेली होऊन. "आजी, पॅरिसवाले मम्मीला परत बोलवतायत. पॅसिफिकमधल्या आयलंड्सवर नवीन प्रोग्रॅम, प्रेझेंटर म्हणून. इट्स ह्यूज! आणि ती सोमवारी नाही म्हणून कळवणार. 'विडोज डोन्ट' म्हणते." नात त्यांच्याकडे बघत राहिली. "हू टोल्ड हर दॅट, आजी?"

आजीला उत्तर ठाऊक होतं. 

दुसऱ्या दिवशी मृदुला आली. ही त्यांची शेजारीण, फार्मसिस्ट, मनाने चांगली. शिरीषच्या आजारपणात महिनाभर हिच्याच घरून डबे यायचे. शनिवारच्या हळदीकुंकवाचं बोलावणं करायला ती आली होती.

"सिद्धीला पाठवा हं काकू. आणि सोलेनचं खरंच कौतुक वाटतं. आम्हाला तिला काही सांगावंच लागलं नाही. हीप्स, अगदी खूपच समजूतदार आहे!"

समजूतदार. नवरा गेला तेव्हा बाई ऐन तिशीतल्या होत्या. तेराव्याला त्यांच्या जावेने हाच शब्द पाहुण्यांना सांगितला होता: आशालता समजूतदार आहे, तिला काही सांगावं लागलं नाही. त्या एका शब्दाने त्यांना जन्मभरासाठी कोपऱ्यात बसवलं, आणि तेही किती गोड आवाजात.

मृदुला गेल्यावर बाई सुनेच्या खोलीत गेल्या.

"हे सगळं करायला तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही," सोलेन म्हणाली. "मी तुम्हाला बघितलं, आई. इतकी वर्षं बघितलं. तुम्ही कधी चुकला नाहीत. मला वाटलं, शिरीषच्या आईने त्याच्या बाबांवर असं प्रेम केलं. मग मीही नीट करायला हवं."

"प्रेम?" बाईंचा आवाज फाटला. "अगं, प्रेमबिम काही नव्हतं त्यात. भीती होती. ह्यांना माझं हसणं आवडायचं. मी कोपऱ्यात बसलेली त्यांनी पाहिली असती तर हाताला धरून उठवलं असतं. लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून केलं मी सगळं!"

 सोलेनने अगदी साधेपणाने विचारलं, "मग अजून का करता?"

बाई पलंगाच्या कडेवर बसल्या.

"मला हे एकच येतं, आई. दुसरं कसं करतात, ते मला कुठे बघायला मिळालंय?"

त्या रात्री बाईंनी कूस बदलत पहाट केली. उठल्या तेव्हा राग आला होता, आणि तो आधी स्वतःचाच आला होता. त्यांनी सुनेला एवढंच बजावलं, "सोमवारपर्यंत पॅरिसला काही कळवू नकोस. आणि शनिवारी माझ्याबरोबर चल."

शनिवारी ऊन कडक होतं. मृदुलाच्या दाराशी सँडल्स आणि इथे जँडल्स म्हणतात त्या रबरी चपलांचा ढीग पडला होता. आत नर्सेस, डॉक्टर, कॉम्प्युटरवाल्या, साड्या नेसून नटलेल्या, खिदळणाऱ्या. बाई आत शिरल्या. नेहमी त्या मागच्या बाजूने स्वयंपाकघरात जाऊन मदतीला लागायच्या. आज त्या सोफ्याच्या मधोमध जाऊन बसल्या. सोलेन दारातच थांबली.

मृदुला करंडा घेऊन ओळीने कुंकू लावत आली. बाईंपाशी आल्यावर तिचं बोट अडलं.

"काकू, तुम्हाला... म्हणजे आपल्यात..."

"आपल्यात काय? बोल ना, मोठ्याने बोल. मला आजवर कुणी मोठ्याने सांगितलंच नाही."

कुणी बोललं नाही. त्या खोलीत रोज माणसं वाचवणाऱ्या बायका होत्या. त्यातली एकही दुष्ट नव्हती. सगळ्या नुसत्या गप्प होत्या, जशा बाईंच्या तेराव्याला सगळ्या गप्प होत्या, आणि वाचकहो, जसे तुम्ही-आम्हीही अशा वेळी असतो.

"लाव, मृदुला," बाई म्हणाल्या. "दारात माझी सून उभी आहे. मी जे करते ते ती बघते, आणि मग जन्मभर तेच करते."

मृदुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने कुंकू लावलं. ते जरा वाकडंच लागलं. आनंद होईल असं बाईंना वाटलं होतं, पण त्यांना भडभडून आलं. एवढंसंच होतं हे! एवढ्याशासाठी मी पोटच्या पोराला निरोप द्यायला बाहेर आले नाही.

"सोलेन, तू पण ये ना," मृदुला दाराकडे वळून म्हणाली.

"थांब, मृदुला," सोलेनचा आवाज आला. "मला अजून नीट बघू दे."

बाईंनी मागे वळून पाहिलं नाही, डोळेही पुसले नाहीत. तिला स्पष्ट दिसावं म्हणून त्या सगळ्यांच्या मधोमध, कपाळ वर करून बसून राहिल्या. कितीही वेळ लागला तरी आज त्या तिथून उठणार नव्हत्या.