फोटोतली तुळजाबाई

मी फोटो बोलतोय. कुणाचा, ते एवढ्यात विचारू नका. माझाच अजून गोंधळ आहे.

माझा जन्म मुंबईचा, १९५३ सालचा. एका सिनेमागृहासमोर एक नटी मोटारीतून उतरली, मान वळवून हसली आणि कुणीतरी खटका दाबला. तिच्यामागं ट्राम होती, माणसांची ही झुंबड होती. त्या फोटोग्राफरकडं लोहारा गावचा शिवलिंगप्पा फोटो धुवायच्या कामाला होता. पुढं गावी परतून त्यानं स्टुडिओ थाटला, तेव्हा माझी एक प्रत ट्रंकेत घालून आणली. त्या ट्रंकेत मी कितीतरी वर्षं पडून होतो.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. खडी फोडायच्या कामावर असताना तुळजाबाई तापानं गेली. तिचा नवरा बब्रुवान नंतर ढोकीच्या साखर कारखान्यात लागला. लहानगी लेक अयोध्या त्याला सारखी विचारायची, आई कशी दिसायची? फोटो तर एकही नव्हता. शेवटी तो शिवलिंगप्पाच्या स्टुडिओत आला.

"नाक कसं होतं तिचं?" शिवलिंगप्पानं विचारलं.

"नाक व्हतं की."

"सरळ का बसकं?"

"तसं ध्यान देऊन कधी बगितलंच न्हाय, अप्पा." बब्रुवान खाली मान घालून म्हणाला. "लई चांगली व्हती, एवढं ठावं हाय."

माणसांचं मला काही कळत नाही. पडद्यावर एकदा बघितलेल्या नटीच्या भुवया यांना पाठ, आणि आठ वर्षं शेजारी बसून जेवलेल्या बायकोचं नाक सांगता येत नाही!

शिवलिंगप्पानं मला ट्रंकेतून काढलं. कापलेल्या केसांवर कुंचल्यानं पदर ओढला, मोत्यांच्या माळेवर मंगळसूत्र चढवलं, कपाळभर कुंकू लावलं, ट्राम पुसली. मागच्या एका माणसाची टोपी काही केल्या पुसेना, तिचं त्यानं झाड केलं. मग माझाच पुन्हा फोटो काढून मोठा केला. अशी मी, छे, असा मी तुळजाबाई झालो.

भिंतीवर मला सणासुदीला हार मिळायचा. तुळजाबाईची आई दगडाबाई अणदूरहून यायची. मोतीबिंदूनं तिला काहीच दिसत नव्हतं. माझी काच चाचपून ती रडायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

अयोध्या मात्र शाळेतून आली की मला सगळं सांगायची. गणितात किती मार्क पडले, बा कशावरून चिडला. हळूहळू मलाच वाटायला लागलं, कुणी सांगावं, मी खरंच हिची आई असेन.

एकदा दुकानातून शेंगदाण्याची पुडी आली. पुडीचा कागद जुन्या मासिकाचा, आणि त्यावर मी! ट्राम, मोटार, मोत्यांची माळ, खाली त्या नटीचं नाव. अयोध्यानं कागद माझ्याशेजारी धरला. बराच वेळ ती एकदा इकडं, एकदा तिकडं बघत राहिली. माझं तर धाबं दणाणलं. पण तिनं कागद चुलीत घातला आणि मला म्हणाली, "आई, आज भाकरी करपली बघ." मी चक्रावूनच गेलो.

चौऱ्याऐंशी साली कारखान्यानं डोळ्यांचं शिबिर भरवलं. दगडाबाईचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, जाड भिंगाचा चष्मा आला, आणि म्हातारी थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ही कोण बया? ही माजी तुळजा न्हाय!"

बब्रुवान दारातच थिजला.

"आज्जे, मला ठावं हाय," अयोध्या म्हणाली. "कवाचं."

"मग हिला आई कशापायी म्हनती?"

"दुसरं कुनाला म्हनू? तू सांग की मला, ती कशी व्हती."

म्हातारीनं मला खाली उतरवायला लावलं आणि मांडीवर घेतलं. "नाक हिच्यापरीस बसकं. भुवया दाट. आन् हितं, डाव्या भुवईवर, खुरपं लागल्याचा वण." अयोध्यानं काजळात बोट बुडवलं आणि म्हातारी दाखवेल तिथं काचेवर बारीक रेघ ओढली.

बब्रुवान जवळ आला. वाकून बघत राहिला.

"व्हय," तो म्हणाला. "वण व्हता. व्हता वण." आणि लेकीसमोर ढसाढसा रडला.

आता मी पुन्हा भिंतीवर आहे. नाक नटीचं, पदर शिवलिंगप्पाचा, वण तेवढा तुळजाबाईचा. यातला मी कोण, ते मला अजून कळलेलं नाही. मागणं एकच आहे. दिवाळीला घर झाडताना कुणी माझी काच पुसायला घेतलीच, तर बाबांनो, तेवढी काजळाची रेघ सोडून पुसा.